भिंतीचा मध्य

"हात हलका ठेव गं, थोरले. चुना लावायचा असतो, थापायचा नसतो."

कुंचला भिंतीला टेकला की थोरलीच्या कानात हा आवाज यायचाच. आईला जाऊन वर्षं लोटली, तिची लुगडी विरली, तिची पितळी डबी कुणी नेली ते आता कुणालाच आठवत नव्हतं. आवाज मात्र भिंतीत मुरून राहिला होता. चुना फुलताना पिंपातून वाफ निघावी, तसा तो दरवर्षी वर यायचा. आधी दटावणी, मग ओवी:

भिंत पांढरी पांढरी, मागे डोंगरी मनोरा,
एकावरी एक धर गड्या, लागेल किनारा.

ऐकणाऱ्याला वाटावं, कामात जीव रमवायला बाई गाणं म्हणते आहे. पण ती ओवी म्हणजे खाडीत शिरायची वाट होती. समुद्राकडून येताना खाडीच्या तोंडाशी डाव्या हाताला वाळूचा दांडा, पाण्याखाली निजलेला. उजव्या हाताला खडकांची रांग, तीही पाण्याखालीच, पण टक्क जागी. दोहोंच्या मधून एक लाँच जाईल एवढंच खोल पाणी. येणाऱ्यानं काय करायचं, तर काठावरच्या ह्या घराची पांढरी भिंत शोधायची, तिच्यामागचा टेकडीवरचा जुना मनोरा शोधायचा, आणि मनोरा भिंतीच्या बरोबर मध्यावर उभा दिसेल अशी नाव धरायची. मग डोळे मिटले तरी चालतील, असं जुने लोक म्हणत. भिंत उठून दिसावी म्हणून तिला लागून डावीकडे असलेली सामानाची शेड मुद्दाम मातकट ठेवलेली. शेडला चुन्याचं बोटसुद्धा लागता कामा नये, हा आईचा दुसरा दंडक.

आणि समोर शहर होतं. पाण्याच्या पलीकडे, दिवसा धुरकटलेलं, रात्री नटून बसलेलं. ह्या काठाचा सगळा जीव त्या शहरात अडकला होता. घरांच्या खिडक्या शहराकडे, धक्क्यावरचे बाक शहराकडे, मिठागराच्या बांधावर विडी ओढायला उभी राहिलेली माणसंसुद्धा पाठ टेकडीला आणि तोंड शहराला करून उभी. शहरानं इथली मासळी नेली, मीठ नेलं, इमारतींना वाळू नेली आणि शिकलेली पोरं नेली. बदल्यात धाडला तो धूर, सुट्टीच्या दिवशी येऊन वाळूत बाटल्या पुरणारी माणसं, आणि ओहोटीला झाडांच्या मुळांत लोंबणाऱ्या रंगीबेरंगी पिशव्या. तरी कुणी शहराला नावं ठेवू लागला की ऐकणारे मनातून हसत. ज्याला जाता आलं नाही तोच नावं ठेवतो, हे सगळ्यांना ठाऊक. इथली हवा खारी, पाणी खारं आणि हेवाही खाराच. आवाज न करता लोखंड खाणारा.

थंडीत शहराचा धूर आणि खाडीचं धुकं गळ्यात गळे घालून येत, तेव्हा भिंत निकामी व्हायची. अशा सकाळी आई दोघी मुलींना उठवी. धाकटीला ओट्यावर उभी करी आणि म्हणे, दे हाक. धाकटीचा गळा असा, की पाण्यावर टाकला तर बुडणार नाही. ती आईचीच ओवी लांबवून लांबवून म्हणे, आणि तिच्या आवाजाचा दोर धरून होड्या एकेक करून धुक्यातून बाहेर येत. उतरणारी माणसं तिच्या डोक्यावर हात ठेवीत. चुन्याच्या पिंपाशी मात्र आई तिला फिरकू देत नसे. गळ्याला बाधेल म्हणे. पिंप थोरलीचं. नीळ घालणं, डिंक घालणं, काथ्याचा कुंचला झोडणं, सगळं थोरलीचं. बोटांना चिरा पडत, त्यात रात्री तेल भरायचं. भिंतीवरून सुखरूप आलेल्या माणसानं भिंतीच्या डोक्यावर कधी हात ठेवलाय का?

थोरलीनं मनातल्या मनात एक ओवी जुळवली होती. ती तिनं कधी कुणाला ऐकवली नाही.

आईनं केली वाटणी, दोन लेकींना पुरेना,
एकीला दिला गळा, बाई, एकीला दिला चुना.

पुढे धाकटी गाणं शिकायला शहरात गेली. ज्या आठवड्यात गेली त्या आठवड्यात थोरलीनं भिंतीला चुन्याचा आणखी एक हात दिला. भिंत नुकतीच झाली होती, काही गरज नव्हती. बायका हळहळल्या, बहिणीचं दुःख पोरीनं कसं हाताला लावून घेतलंय बघा, म्हणाल्या. थोरलीनं कुणाचं म्हणणं खोडलं नाही.

धाकटी तिकडेच शाळेत गाणं शिकवू लागली, तिकडेच लग्न करून राहिली. थोरलीला मागणी आली ती शहरातून माणसं आणणाऱ्या लाँचच्या तांडेलाची. सुकाणू धरणारा हात, बेताचं बोलणं, रुंद कपाळ. नाकारण्यासारखं काही नव्हतं. बघायला आला तेव्हा त्यानं साधेपणानं विचारलं, की मी ह्या खाडीत पहिल्यांदा शिरलो तो तुमच्या ओट्यावरून आलेल्या हाकेवर, धुकं होतं, कोण हाक देत होतं? आई कौतुकानं म्हणाली, आमची धाकटी. त्यानं मान हलवली. थोरलीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. एवढंच झालं. पण त्या दिवसापासून एक काटा तिच्या मनात रुतून बसला: आवाज शहरात गेला, म्हणून ह्या माणसानं भिंतीशी लग्न केलं.

संसार तसा नेटका झाला. तांडेलाला गोड बोलता येत नसे. संध्याकाळी लाँच बांधून घरात पाऊल टाकलं की तो एकच वाक्य बोले, चपला काढता काढता: "दिसली गं भिंत." त्यावर ती म्हणे, "दिसेल नाही तर काय, पळून जाणारेय?" बाहेरच्याला ह्यात काही ऐकू आलं नसतं. थोरलीनं मात्र त्या एका वाक्यावर सगळी वर्षं काढली. दुसऱ्या बायकांना नवऱ्यांकडून पातळं मिळत, बांगड्या मिळत. हिला रोज भिंत दिसल्याची पावती मिळे, आणि ती तिला पुरे.

मग धाकटी परत आली. नवरा गेला होता, नोकरी संपली होती. आईनं ठेवलेल्या तिच्या वाट्याच्या जागेत, थोरलीच्या घराच्या उजव्या अंगाला, तिनं दोन खोल्या बांधल्या. आणि त्या चहूबाजूंनी पांढऱ्या केल्या. चुन्यानं नव्हे. शहरातून डबे आले, ऑइलपेंटचे, झाकण उघडताच दुधासारखे चमकणारे. ऊन पडलं की त्या घराकडे बघवेना.

उरलेला डबा घेऊन ती कुंपणापाशी आली होती. "ताई, तुझ्या भिंतीलाही मारू या का हा? दरवर्षीची तुझी कटकट मिटेल." मग स्वतःशीच हसून म्हणाली, "आईनं मला कधी चुन्याला हात लावू दिला नाही बघ. आता सगळं घर पांढरं केलं, हौस फिटेपर्यंत."

थोरलीला त्यातलं 'सगळं घर' तेवढं ऐकू आलं. "आमची भिंत श्वास घेते," ती म्हणाली. "तुझ्या रंगानं गुदमरेल." आणि आत निघून गेली.

लाँचवरच्या तिकीटवाल्याला तर विषयच मिळाला. तो म्हणे भर लाँचमध्ये म्हणाला, तांडेल, तुमची चैन आहे, घरवालीची भिंत होतीच, आता मेव्हणीचीही झाली, कोणती धरणार? सगळी लाँच हसली. तांडेल हसला नाही, आणि रागावलाही नाही. हे सगळं मिठागरावरच्या काकूंनी थोरलीला आणून दिलं, वर "मला काय करायचंय बाई, मी आपलं कानावर आलं ते सांगितलं," असं म्हणत. थोरलीनं काकूंना चहा दिला. साखर घालायची राहिली.

तरी तोवर तिनं धीर धरला होता. धीर सुटला तो एका रात्री जेवताना. त्या संध्याकाळी तांडेल घरात आला आणि "दिसली गं भिंत" म्हणालाच नाही. ती वाट बघत राहिली. पान वाढलं, त्यानं दोन घास खाल्ले आणि जड आवाजात म्हणाला, "लांबून तिचीच आधी दिसते आताशा. तिला सांगायला हवं, की..."

पुढचं थोरलीनं ऐकलं नाही. ती भांडी उचलून मोरीत गेली आणि पाण्याचा नळ मोठा सोडला. परत आली तेव्हा तो हात धुऊन बाहेर गेला होता. काय सांगायला हवं, हे तिनं विचारलं नाही. तिच्यापुरतं वाक्य तिथंच संपलं होतं. लांबून तिचीच आधी दिसते. घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं ते वाक्य दुखत राहिलं, गिळवेना, काढवेना.

इंजिनाच्या तपासणीसाठी लाँच अधूनमधून शहराच्या धक्क्यावर मुक्कामाला राही. दुपारच्या फेरीनं जायची, दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली फेरी घेऊन यायची. अशाच एका दुपारी धाकटी कुंपणावरून डोकावली. अंगावर बाहेर जायचं पातळ.

"ताई, हिरवा बरा दिसेल की निळा?"

ही आता रंगीत पातळं घेणार, असं थोरलीच्या मनात आलं. "तुला काय," ती म्हणाली, "तुला काहीही शोभतं."

धाकटी काहीशी गोंधळली, मग पिशवी सावरत धक्क्याकडे गेली. तिला मैत्रिणीकडे राहून सकाळी परतायचं होतं, हे थोरलीला कळलं तेही काकूंकडून. ओट्यावरून सगळं दिसत होतं. धाकटी लाँचवर चढली, ती बायकांच्या बाकावर बसली नाही, थेट पुढे सुकाणूपाशी जाऊन उभी राहिली. काहीतरी बोलली. आणि तांडेल, जो तिकीटवाल्याच्या विनोदाला हसला नव्हता, तो मान मागे टाकून हसला. लाँच वळली, तिच्यामागे पाण्याची फाटलेली रेघ बराच वेळ मिटली नाही.

थोरली वळली, आणि तिनं आपल्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पांढरीच होती. पण शेजारच्या त्या चकचकीत घरापुढे ती धुऊन धुऊन विरलेल्या पंच्यासारखी वाटली. उद्या सकाळी लाँच येईल तेव्हाही धाकटी अशीच सुकाणूपाशी उभी असेल. दोघं एकाच दिशेला बघत असतील. त्या वेळी आधी काय दिसेल? त्याचा चेहरा कुणाच्या भिंतीकडे वळेल?

शेडच्या मागे पिंपात भिजवलेला चुना होता. तिनं त्यात दुप्पट नीळ कालवली आणि भिंतीला एक हात दिला. भिंत जेवढी होती तेवढीच राहिली. मग तिची नजर शेडकडे गेली. शेड भिंतीएवढीच लांब होती, मातकट, मुकी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुंचला तिकडे वळला तेव्हा आईचा आवाज आला नाही. की आला, आणि थोरलीच्या कानात तिकीटवाल्याचं हसणं एवढं भरलं होतं की त्याला शिरायला जागा झाली नाही. दिवस मावळायच्या आत तिनं शेड वरपासून खालपर्यंत पांढरी केली. ओला चुना आधी राखाडी दिसतो. वाळेल तसा तो उजळतो. सकाळपर्यंत तो असा उजळला, की भिंत कुठे संपते आणि शेड कुठे सुरू होते ते कळेना. काठावर पांढऱ्या रंगाची एक लांबच लांब पट्टी पसरली होती.

ती उजाडताच ओट्यावर येऊन उभी राहिली. हवा धुरकट होती, पण मनोरा दिसत होता, म्हणजे समुद्रावरून भिंतही दिसत असणार. लाँचचा ठिपका शहराकडून सुटला, मोठा झाला, खाडीच्या तोंडाशी आला. थोरलीच्या छातीत काहीतरी फुलत होतं. बघ, ती मनात म्हणाली, बघ आता.

लाँच आली, आणि थांबली. डगमगून एका अंगाला कलली आणि तशीच राहिली.

थोडा वेळ ती थांबली आहे की रुतली आहे, हेच थोरलीला उमजेना. मग काठावरून पावलं धावू लागली. लाँच दांड्यावर चढली, वाळूत बसली, अशी हाकाटी झाली. ओहोटी संपत आली होती. आता भरतीनं उचलल्याशिवाय ती हलणार नव्हती. आणि त्याच वेळी खाडीच्या आतून धुकं निघालं. आधी मिठागरं गेली, मग धक्का गेला, मग लाँच गेली, शेवटी टेकडी आणि तिच्यावरचा मनोरा. जग ओट्याएवढं उरलं.

"दांडा सरकला असणार," काकू धापा टाकत म्हणाल्या. "सरकतोच मेला वर्षा दोन वर्षांनी. तांडेलाची काय चूक त्यात?"

बाकीच्यांनीही तेच धरलं. कुणी ताटल्या वाजवाव्यात म्हणालं, पण धुक्यात ताटलीचा आवाज चारी दिशांनी येतो. कुणी म्हणालं, अशा वेळी धाकटीनं हाक दिली असती हो. त्यावर दुसरं म्हणालं, अहो, ती लाँचवरच आहे. आणि जणू हे ऐकूनच धुक्यातून गाणं आलं. धाकटी गात होती. लाँचवरची माणसं घाबरली असतील, पोरं रडत असतील, म्हणून गात असेल. आवाज वयानं थोडा खाली बसला होता, पण अजून बुडत नव्हता. काठावरच्यांचे चेहरे निवळले.

थोरलीचं अंग मात्र आतून जळलं. वाळूत रुतली तरी हिचीच मैफल, ती मनात म्हणाली. तिथेही हिच्याच डोक्यावर हात.

ते जळणं सहन न होऊन ती ओट्यावरून उतरली आणि पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तिथून तिनं मागे वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत ती किती वेळा पाण्यापाशी आली असेल; पण सुकाणू धरणाऱ्याच्या डोळ्यांनी तिनं आपलं घर कधी पाहिलं नव्हतं. लाँचनं शहरात जाताना ती शहराकडे बघे, आणि येताना पिशव्यांकडे. आता धुक्याच्या विरळ थरातून ती पांढरी पट्टी समोर होती, आणि तिच्या मनानं सवयीनं तिचा मध्य शोधला. भिंतीचा मध्य म्हणजे खिडकी. लहानपणापासून खिडकी. पण ह्या पट्टीचा मध्य खिडकीवर येत नव्हता. तो भिंत आणि शेड जुळतात त्या कोपऱ्यावर येत होता, चांगला डावीकडे. मनोरा तिथं धरून जो येईल, तो दांड्यावरच चढेल.

तिचे पाय गार पडले. पाणी पावलांवर आलं होतं. भरती लागली होती.

गप्प राहिलं तर? हा विचार आला, आणि चोरासारखा नाही, घरच्या माणसासारखा आत येऊन बसला. पाणी लाँचला उचलेल. सगळे दांड्याला दोष देतील, दांडा काही उलटून बोलायचा नाही. दुपारी ती शेडवर चिखल फासेल, होती तशी मातकट करून टाकेल. कुणाला कळणार नाही. धाकटीला तर नाहीच.

पाणी चढत गेलं, त्यानं लाँच उचलली आणि इंजिन सुरू झालं. धुक्यातून तांडेलाची हाक आली, काठाला सावध करणारी: "दांडा सरकलाय... उजवीकडून काढतो..."

उजवीकडे खडक होते. दांडा सरकला असता तर त्याचं बरोबर होतं. दांडा जागेवरच होता, म्हणून ते चूक होतं. हे अख्ख्या काठावर एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला हाक देता येत नव्हती.

थोरली ओट्यावर चढली. तिनं तोंड उघडलं आणि चुन्यानं खरवडलेला, कधी न वापरलेला आवाज बाहेर पडला. "उजवीकडे नको..."

इंजिन मंदावलं. "कोण आहे ते?"

"मी."

"मी कोण?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं कधी आवाज चढवला नव्हता. नवऱ्याला तिची हाक ओळखू येईना. काकूंनी तोंडाला पदर लावला. तेवढ्यात धुक्यातून धाकटी म्हणाली, "ताई आहे ती, भावोजी. आमची ताई."

"अगं, मी भिंतीच्या मध्यावरच होतो," तांडेल ओरडला. "मनोरा बरोबर मध्यावर होता, तरी वाळू लागली. दांडा सरकलाय. उजवीकडूनच जायला हवं."

इंजिन पुन्हा धडधडू लागलं. नुसतं 'नको' पुरणार नव्हतं. तो बायकोपेक्षा भिंतीवर विश्वास ठेवत होता, आणि ती सवय तिनंच त्याला लावली होती.

"दांडा नाही सरकला," ती ओरडली. "भिंत सरकलीय. मी सरकवली. काल शेडला चुना लावला मी. तुम्ही धरलात तो मध्य खोटा आहे हो."

इंजिन थांबलं. काठावरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, मग शेडकडे. आतापर्यंत शेडकडे कुणी पाहिलंच नव्हतं. काकूंच्या तोंडावरचा पदर खाली आला. खडकांवर पाणी चुबुकचुबुक करत होतं, आणि ते लाँचच्या फार जवळ करत होतं.

"शेडला?" तांडेल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता न कळलेपणा होता. "शेडला कशाला गं?"

थोरली गप्प झाली. आणि ती गप्प होताच धाकटीची हाक आली, शाळेतल्या बाईची, धाक असलेली: "ताई, थांबू नकोस. बोलत राहा. काहीही बोल. भावोजी म्हणतात, तुझ्या आवाजावर घेतो."

काहीही. थोरलीला ओवी आठवेना. भिंत, मनोरा, किनारा, सगळे शब्द पाण्यात पडल्यासारखे. तिच्याजवळ बोलायला एकच गोष्ट होती.

"तुमच्यामुळे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लांबून तिचीच आधी दिसते. जेवताना म्हणालात. मी नळ सोडला. मला वाटलं, तुम्हाला आता माझी दिसतच नाही. घरात आलात तर काही बोलला नाहीत. चपला काढल्या आणि काही बोलला नाहीत."

इंजिन अगदी हळू, कुजबुजल्यासारखं चालू झालं. ते जवळ येत होतं.

"डावीकडे जातोय का मी?" तांडेलानं विचारलं.

"नाही, सरळ आहात. मी खिडकीसमोर उभी आहे. माझ्यावर या." तिनं घसा खाकरला. "काल तुम्ही हसलात. तिच्याशी हसलात. माझ्याशी असं मान टाकून कधी हसलात? मी ओट्यावरून बघत होते. वाटलं, उद्या ती शेजारी असेल, तेव्हा आधी माझी दिसू दे. एकदाच. म्हणून पिंप उचललं."

"अगं वेडे, दोन पांढऱ्यांनी घोळ होतो म्हणून मी हिला रंग बदलायला सांगितलं," तांडेल म्हणाला. आता ओरडावं लागत नव्हतं. "रंग आणायलाच गेलो होतो. ही म्हणाली, ताईला विचारलं तर ती म्हणते, तुला काहीही शोभतं. आता घराला कुठलं पातळ नेसवू? त्यावर हसलो."

काठावर कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

धुक्यात एक काळसर आकार उमटला. मग लाँचचं टोक बाहेर आलं, आणि टोकावर धाकटी उभी होती. पायाशी रंगाचे डबे. एका डब्याचं झाकण निघून हिरवा ओघळ तिच्या पातळावर आला होता. केस चिंब, ओठ थंडीनं निळे. लाँच खोल पाण्यात होती, दोर टाकता येईल इतकी जवळ. आता बोलत राहायची काहीच गरज नव्हती. काठावरची माणसं दोर झेलायला पुढे झाली. धाकटी बहिणीकडे बघून हसली, लहानपणी ओट्यावर हाक देऊन झाली की दमून हसायची, तसंच.

ते हसू बघून थोरलीला वाटलं, इथं थांबलं तर सगळं पुन्हा भिंतीत जाईल आणि दरवर्षी चुन्याखाली जाड होत राहील.

"धाकटे," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण धाकटीला ऐकू जाईल एवढा होता. "तू शहरात गेलीस, त्या आठवड्यात मी भिंतीला आणखी एक हात दिला होता. सगळ्यांना वाटलं, दुःखानं दिला. तुलाही कुणी कळवलं असेल."

धाकटीनं मान हलवली. तिला कळवलं होतं.

"दुःखानं नव्हता दिला गं," थोरली म्हणाली. "तू गेलीस म्हणून मला आनंद झाला होता."